पाणी, माती, स्थानिक झाडं आणि किडे: निसर्गाला धरून बाग कशी आखायची, पहिल्यापासून

बागेत पानाला भोक दिसलं की बहुतेक लोक आधी स्प्रेची बाटली शोधतात. मी उलटं सांगणारे. पानाला भोक पडलं म्हणजे तिथे कुणीतरी जेवलंय, आणि जे जेवलंय त्याला खायला आता पक्षी, कोळी, सरडे येणार, म्हणजे तुमची बाग नुसती शोभेची राहिली नाही, ती चालू झाली. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच हिशोबाने आहे: बाग अशी आखायची की तिथे कुणीतरी खायला, प्यायला आणि राहायला येईल, आणि हे करताना बाहेरून आणलेलं पाणी, खत, सिमेंट, पेट्रोल कमीत कमी लागेल.

छोट्या जागेत काय होणार असं वाटत असेल तर एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात जेनिफर ओवेन नावाच्या जीवशास्त्रज्ञ राहायच्या. त्यांनी १९७२ पासून तीस वर्षं आपल्या घरामागच्या बागेत काय काय येतं याची नोंद ठेवली. बाग साधारण ७४१ चौरस मीटरची, भाजीपाला, फुलं, थोडी हिरवळ, म्हणजे शहरी घराला असते तशीच. नोंद झाल्या २६७३ प्रजाती! त्यातले १९९७ कीटक होते आणि पक्षी होते फक्त ५४. हे प्रमाण नीट बघा, कारण आपण "बायोडायव्हर्सिटी" म्हटलं की पक्षी आणि फुलपाखरं डोळ्यासमोर आणतो आणि खरा सगळा खेळ किड्यांचा असतो.

आधी काही लावू नका, बघा

नवीन जागा हातात आली की नर्सरीत पळायचा मोह होतो, तो आवरा. जमलं तर वर्षभर, नाहीतर निदान एक उन्हाळा आणि एक पावसाचा काळ नुसतं बघा. एका कागदावर जागेचा साधा नकाशा काढा (सुंदर नको, मापात हवा) आणि त्याच्या तीनचार झेरॉक्स करा. एकावर ऊन मांडा, सकाळी कुठे, दुपारी कुठे, संध्याकाळी कुठे. दुसऱ्यावर पाणी मांडा, छताचं पाणी कुठून पडतं, कुठून वाहतं, पाऊस थांबल्यावर तासाभराने कुठे साचलेलं असतं. तिसऱ्यावर आत्ता तिथे काय काय आहे ते, अगदी तण पण लिहा, कारण कुठलं तण उगवलंय त्यावरून जमीन ओली राहते का कडक झालीय हे बरंच कळतं.

जुनं झाड असेल तर बाकी सगळी आखणी त्याच्याभोवती फिरवा, त्याला हलवायचा विचारही नको. एका मोठ्या झाडाने जेवढी सावली, जेवढ्या ढोल्या, जेवढी खरबरीत साल तयार केलेली असते तेवढी नवीन दहा रोपं लावून कित्येक वर्षं मिळत नाही. आणि एक लक्षात ठेवा, झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरभर थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, त्यामुळे बुंध्याभोवती मातीचा ढीग करणं, फरशी घालणं, बांधकामाचं सामान रचून ठेवणं हे झाड हळूहळू मारणंच आहे. दोनचार वर्षांनी ते वाळतं आणि मग लोक म्हणतात रोग पडला.

याच काळात मातीच्या दोन साध्या टेस्ट करून घ्या, लॅब वगैरे लागत नाही. पहिली बरणीची: काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुवायची पावडर, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्तही लागतो, थर पट्टीने मोजले की मातीत काय किती आहे याचा अंदाज येतो. दुसरी खड्ड्याची: ३० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा खणा, एकदा पाणी भरून जिरू द्या, मग परत भरा आणि बघत बसा. तासाला दोनअडीच सेंटिमीटर पाणी उतरलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे पाणी जिरवायचा विचार सोडा, ती जागा डबक्यासाठी किंवा ओल आवडणाऱ्या झाडांसाठी ठेवा.

पाण्याची आखणी झाडांच्या आधी

याच्यावर मी जास्त वेळ घालवणारे कारण बहुतेक बागा इथेच फसतात. लोक आधी झाडं लावतात आणि मग पाईप शोधतात.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छतावर ५० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला की ५००० लिटर पाणी पडलं, उडणं सांडणं वजा करून चार हजार लिटर तरी धरा. हे पाणी आत्ता बहुधा पाईपमधून थेट गटारात जातंय. आणि हवामान बदलामुळे होतंय काय की हवा जेवढी तापते तेवढी जास्त वाफ धरते, एक अंश वाढीमागे साधारण ७ टक्के, म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधले कोरडे दिवस जास्त कडक जातात. बागेला दोन्ही झेपलं पाहिजे.

पहिला उपाय टाकी किंवा पिंप, पण तोंडाला बारीक जाळी नीट बसवलेली हवी नाहीतर डासांची पैदास होते. टाकी किती मोठी? इथे तुमचा पाऊस बघा. वर्षभर थोडा थोडा पडत असेल तर छोटी टाकी परत परत भरते आणि भरपूर कामाला येते. तीनचार महिन्यांत सगळा पाऊस पडून जात असेल तर पिंपभर पाणी कोरड्या काळात कुठेच पुरत नाही, अशा ठिकाणी पाणी साठवण्यापेक्षा जमिनीत जिरवण्यावर जोर द्या.

जिरवण्यासाठी रेन गार्डन करा. म्हणजे काय, तर एक पसरट उथळ खोलगट भाग, मध्ये १५ ते २० सेंटिमीटर खोल, ज्यात छताचं किंवा अंगणाचं पाणी वळवून आणायचं आणि एक दोन दिवसांत जिरू द्यायचं. आकार छताच्या जेवढ्या भागाचं पाणी येतं त्याच्या १० ते २० टक्के, माती चिकट असेल तर आणखी मोठा. घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब, सेप्टिक टँकवर तर अजिबात नको. तळ सपाट ठेवा म्हणजे पाणी एका कोपऱ्यात न साचता सगळीकडे पसरेल, आणि जिथून पाणी आत पडतं तिथे चारसहा दगड टाका नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात माती उकरून निघते. ओसंडून जाणाऱ्या पाण्याला दुसऱ्या बाजूला वाट करून ठेवा, हे विसरू नका, कारण कधीतरी असा पाऊस येणारच की खड्डा पुरणार नाही. झाडं अशी निवडा की जी दोन दिवस पाण्यात उभी राहतील आणि नंतर महिनाभर कोरडी पण राहतील, ओढ्याच्या काठी उगवणारी गवतं आणि झुडपं या कामाला सगळ्यात चांगली.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या एसेक्सची, बागतज्ज्ञ बेथ चॅटो यांची खडीची बाग. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जुन्या कार पार्कच्या जागेवर, खडीवाळूच्या कोरड्या जमिनीवर, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो अशा भागात बाग केली आणि ठरवलं की रोपं एकदा रुजली की वरून पाणी द्यायचं नाही. ती बाग आजही लोक बघायला जातात. त्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता, झाडासाठी जागा बदलू नका, जागेसारखं झाड शोधा.

आणि तहानेप्रमाणे गट करा. जास्त पाणी लागणारी सगळी एकत्र, घराजवळ, जिथे हात पोचतो. कमी पाण्याची लांब. पाणी द्यायचंच तर पहाटे किंवा सकाळी, आणि रोज शिंपडण्यापेक्षा चारपाच दिवसांनी पण खोलवर, म्हणजे मुळं खाली जातात. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि एक कडक आठवडा आला की सगळं माना टाकतं.

माती: खणू नका, झाका

मातीत जो कर्ब आहे तो खणून उलथापालथ केली की हवेला लागतो, जिवाणू तो खातात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बुरशीचे धागे तुटतात, गांडुळांची बिळं मोडतात. म्हणून पहिल्यांदा जमीन दगडासारखी कडक असेल तर एकदा भुसभुशीत करा, पण त्यानंतर कुदळ बाजूला ठेवा. जिथे गवत किंवा तण काढून वाफा करायचाय तिथे गवत बुटकं कापा, वर जाड पुठ्ठा अंथरा (चिकटपट्टी, पिना काढून), पाण्याने भिजवा, वर दहापंधरा सेंटिमीटर कंपोस्ट आणि पालापाचोळा. काही महिन्यांत खालचं गवत मरतं, पुठ्ठा कुजतो, गांडुळं त्याला खाली ओढतात.

झाकण्यासाठी पाचोळा, लाकडाचा चुरा, वाळलेलं गवत काहीही चालतं, ५ ते ८ सेंटिमीटर थर पुरे. खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते. खडीखाली प्लास्टिकची शीट घालण्याची जी पद्धत आहे ती मला अजिबात पटत नाही. दोनतीन वर्षं बरी दिसते, मग वरच्या खडीत धूळ साठून तण तिथेच उगवतं, शीट फाटते, चिंध्या मातीत मिसळतात आणि खाली जमीन मेलेली असते. कृत्रिम हिरवळीचं तर बोलायलाच नको, उन्हात ती खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते, त्याखाली एक गांडूळ जगत नाही आणि शेवटी तो सगळा प्लास्टिकचा कचराच.

कंपोस्टचं गणित: कोरडं तपकिरी (पानं, पुठ्ठा, काटक्या) आणि ओलं हिरवं (भाजीची देठं, कापलेलं गवत) साधारण दोनतीनाला एक. मुठीत दाबलं तर एकदोन थेंब यावेत, धार लागली तर ओलं जास्त झालं. वास येत असेल तर आत हवा नाहीये, म्हणजे मिथेन (हवा तापवणारा वायू) पण तयार होतोय, कोरडं घाला आणि परता. बस एवढंच आहे, याच्यासाठी महागडं यंत्र घ्यायची गरज नाही.

पॉटिंग मिक्स विकत घेताना पिशवीवर पीट किंवा पीट मॉस लिहिलंय का बघा, असेल तर परत ठेवा. पीट म्हणजे हजारो वर्षं साचलेला दलदलीचा थर. अशा जमिनी पृथ्वीच्या भूभागाच्या फक्त ३ टक्के आहेत, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडापाल्यात जेवढा कार्बन आहे त्यापेक्षा जास्त त्यांच्यात साठलाय. कुंडी भरायला ते खणून काढणं म्हणजे हवामानासाठी बाग करतोय या म्हणण्याला काही अर्थच राहत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, नावात पीट असलं तरी हे पीट नव्हे), पानांचं खत, कंपोस्ट यावर सगळं व्यवस्थित भागतं.

रासायनिक नत्र खताचं पण सांगतो. जास्तीचं नत्र मातीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइडमध्ये बदलतात आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे. शिवाय जास्त नत्र घातलं की पालवी लुसलुशीत येते आणि त्यावर मावा तुटून पडतो, मग फवारणी, मग परत खत, हे चक्र चालूच राहतं.

झाडं कुठली, आणि कुणासाठी

फुलपाखरू मध बऱ्याच फुलांचा पितं, पण त्याची अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं की अर्धी निवड आपोआप होते. मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीडच्या (रुईच्या नात्यातल्या झाडांच्या) कुळावरच जगते. प्लेन टायगर रुईवर अंडी घालतं. लिंबाच्या जातीच्या झाडावर कोवळ्या पानाची वरची बाजू बघा, कधीकधी पक्ष्याची शीट पडल्यासारखा तपकिरी पांढरा ठिपका दिसेल, नखाएवढा, ओलसर चमकणारा. पुसायला जाऊ नका, ती स्वॅलोटेल फुलपाखराची लहान अळी असते, पक्ष्यांनी ओळखू नये म्हणून तसा रंग घेतलेला, मोठी झाली की हिरवीगार होते. दहाबारा पानं खाऊन जाईल, झाडाला काही होत नाही.

आता हे पक्ष्यांपर्यंत कसं जातं बघा. दाणे खाणारे पक्षी सुद्धा पिल्लांना बहुतेक करून अळ्या आणि किडेच भरवतात. डग टॅलमी नावाचे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ सांगतात की कॅरोलायना चिकडी नावाच्या, जेमतेम दहा ग्रॅमच्या पक्ष्याला एका वेळची पिल्लं वाढवायला ६ ते ९ हजार अळ्या लागतात. त्यांच्या गटाने वॉशिंग्टन डीसीच्या आसपासच्या घरांच्या बागा तपासल्या आणि २०१८ मध्ये मांडलं की बागेतला निदान ७० टक्के झाडपाला स्थानिक झाडांचा असेल तरच चिकडीची संख्या टिकते, त्याखाली गेलं की घटते. परदेशी झाडं हिरवी दिसतात पण त्यावर अळ्या फारच कमी असतात. म्हणून माझा नियम असा की दहातली सात झाडं तुमच्या भागात आपसूक उगवणारी, उरलेल्या तीनमध्ये तुमच्या आवडीची हवी ती लावा, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

फक्त ती तीन पसरणारी नकोत. घाणेरी शोभेचं झुडूप म्हणूनच अमेरिकेच्या उष्ण भागातून जगभर गेली आणि आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियात रानंच्या रानं तिने झाकून टाकली. जलपर्णी पण सुंदर जांभळ्या फुलांसाठीच नेली होती. नर्सरीवाला म्हणाला "काही करावं लागत नाही, झपाट्याने पसरतं" तर ते रोप घेऊ नका, तेवढी एक खूण पुरेशी आहे.

स्थानिक झाड कसं ओळखायचं? जवळच्या टेकडीवर, ओढ्याकाठी, जुन्या देवस्थानाच्या किंवा कबरस्तानाच्या राईत, न नांगरलेल्या बांधावर जा आणि बघा काय आपलं आपलं वाढतंय. वनस्पती उद्यानातले लोक, कॉलेजचे बॉटनीचे शिक्षक विचारलं तर आनंदाने सांगतात. बिया गोळा करायच्या तर थोड्याच घ्या, रोप उपटून आणू नका.

लावताना थर करा. वर मोठं झाड, त्याखाली मध्यम, मग झुडपं, मग गवतं आणि जमिनीलगतचं, एकदोन वेली. प्रत्येक थरात वेगळे जीव राहतात. जागा एकाच मोठ्या झाडाची असेल तर ते घराच्या पश्चिमेला लावा, दुपारनंतरचं ऊन अडलं की भिंत कमी तापते आणि पंखा एसी कमी चालतो. खरं सांगायचं तर एका बागेतली झाडं किती कार्बन शोषतात हा आकडा फार मोठा नसतो, त्यावर उगाच स्वप्नं रचू नका. फायदा आहे तो सावलीचा, पानांतून उडणाऱ्या पाण्याने हवा थंड होण्याचा, पाणी मुरण्याचा, आणि बागेमुळे जे खत, पेट्रोल, सिमेंट वापरायचं टळलं त्याचा.

मियावाकी पद्धतीबद्दल सगळेच विचारतात. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतीशास्त्रज्ञ, एका चौरस मीटरला तीनचार स्थानिक रोपं दाट लावायची त्यांची पद्धत. उजाड झालेल्या, पूर्वी जंगल असलेल्या जागी चांगली आहे. पण मूळचं गवताळ माळरान असेल तिथे ती करू नका, माळरानावरचे पक्षी, फुलं, किडे यांचं घर सावलीखाली गाडलं जातं.

फुलांचं कॅलेंडर करा. बारा रकाने, प्रत्येक महिन्यात निदान तीन झाडं फुललेली हवीत. रिकामा महिना दिसला की पुढच्या वेळी त्यासाठीच शोधा. बहुपाकळी, गच्च भरलेली संकरित फुलं टाळा, त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात त्यामुळे पराग मिळत नाही, मध असला तरी माशीचं तोंड पोचत नाही. एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची पाचसात रोपं झुबक्याने लावा, मधमाशी एका फेरीत एकाच जातीच्या फुलांवर फिरते, तिला ते सोपं जातं.

नर्सरीत एक प्रश्न नक्की विचारा, या रोपाला निओनिकोटिनॉइड दिलंय का. ही कीटकनाशकं मुळातून शोषली जातात आणि मधात परागात उतरतात. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये त्यातल्या तिघांवर, इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम, उघड्यावर वापरायला बंदी घातली ती मधमाश्यांमुळेच. उत्तर मिळालं नाही तर बियांपासून रोप करा. रोप लहानच घ्या, मोठ्या कुंडीतलं उंच झाड आणलं तर त्याची मुळं गोल गुंडाळलेली असतात आणि लहान रोप काही वर्षांत त्याला गाठतं.

राहायला जागा

खाणं झालं, आता घर. जगात मधमाश्यांच्या २० हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पोळं करत नाहीत, एकट्या राहतात, जमिनीत बीळ करून. सगळी जमीन पाचोळ्याने झाकली तर त्यांना बीळ करायला जागाच नाही. म्हणून उन्हातला, पाणी न साचणारा एक चौरस मीटरचा तुकडा उघडा ठेवा, काही लावू नका. पेन्सिल जाईल एवढी भोकं आणि भोवती मातीची बारीक रास दिसली की समजा भाडेकरू आले. या एकट्या माश्या सहसा डंख मारत नाहीत.

बी हॉटेल (अशा एकट्या माश्यांसाठी तयार घर) करायचंच तर वाळलेल्या लाकडाच्या ठोकळ्यात ३ ते ८ मिलिमीटर व्यासाची, पंधरा सेंटिमीटरपर्यंत खोल, मागून बंद, आत गुळगुळीत अशी भोकं, पावसापासून आडोशाला, सकाळचं ऊन लागेल असं घट्ट बसवा. ठोकळा दर वर्षी दोन वर्षांनी बदला नाहीतर आत बुरशी आणि माइट्स (अगदी बारीक कोळीकिडे) वाढतात.

वाळलेलं लाकूड फेकू नका. चार ओंडके सावलीत रचून ठेवले की त्यात भुंगे, गोमा, बेडूक, बुरशी सगळे येतात. फुलून गेलेल्या झाडांच्या पोकळ दांड्या लगेच छाटू नका, त्यात किड्यांची अंडी असतात. बिया पक्षी खातात.

छोटं तळं हा सगळ्यात जास्त फळ देणारा भाग. एक बाजू अगदी उतरती ठेवा म्हणजे पक्षी उथळ पाण्यात उभे राहतील आणि आत पडलेला जीव बाहेर येऊ शकेल, मध्ये ४० ते ६० सेंटिमीटर खोल, काठाला आणि आत स्थानिक पाणवनस्पती. मासे सोडू नका, ते बेडकाची अंडी आणि चतुराची पिल्लं खातात, आणि ही पिल्लंच डासांच्या अळ्या खाऊन तळं सांभाळतात. घरात लहान मूल असेल तर उघडं तळं नको, अगदी थोड्या पाण्यातही मूल बुडतं, तिथे पक्ष्यांसाठी उथळ थाळी ठेवा आणि चारपाच दिवसांनी घासून पाणी बदला, उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा दीड आठवडा लागतो त्यामुळे तेवढ्यात साखळी तुटते.

रात्रीचे दिवे हा विसरला जाणारा भाग आहे. पतंग रात्रभर दिव्याभोवती फिरून मरतात आणि बरंच परागीभवन रात्रीच होतं. लागेल तेवढाच, खाली तोंड असलेला, २७०० केल्विन (दिव्याच्या रंगाचं माप) किंवा त्याखालचा पिवळसर दिवा, सेन्सरवर. झाडांना खालून फोकस मारणं तर बंदच करा.

कीड आली तर

आधी आठवडाभर थांबा आणि भिंग घेऊन जवळून बघा. माव्याच्या घोळक्यात काही मावा फुगलेला, सोनेरी तपकिरी, हलतच नाही असा दिसेल, आणि एखाद्याच्या पाठीला गोल भोक असेल. त्याच्या आत गांधीलमाशीच्या नात्यातल्या बारीक माशीने अंडं घातलं, पिल्लू आतून खाऊन बाहेर पडलं. म्हणजे तुमच्या बागेत काम सुरू झालंय, आता स्प्रे मारला तर मावा परत येईल पण ती माशी लवकर येणार नाही, कारण खाणारे नेहमी उशिरा वाढतात. मावा खाणाऱ्या लेडीबर्डचं (लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या भुंग्याचं) पिल्लू लेडीबर्डसारखं दिसत नाही, काळं, लांबट, नारिंगी ठिपक्यांचं, लोक कीड समजून चिरडतात, तसं करू नका. फारच झालं तर पाण्याच्या धारेने मावा पाडा किंवा शेंडा खुडा. कडुनिंबाचं तेल पण नैसर्गिक आहे म्हणून सरसकट मारू नका, अळ्यांना ते पण मारतंच.

हिरवळ, वाटा आणि शेजारी

हिरवळ जिथे खरंच बसता, खेळता तेवढीच ठेवा. अमेरिकेत लॉनखालचं क्षेत्र २००५ च्या एका अभ्यासात साधारण १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर निघालं, तिथल्या कुठल्याही बागायती पिकापेक्षा मोठं. उरलेल्या भागात गवत वाढू द्या आणि वर्षातून एकदा दोनदा, बिया पडून गेल्यावर कापा, एकदम सगळं नाही, अर्धं अर्धं. वाटा सिमेंटच्या नकोत, जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्क्यांच्या घरात आहे आणि पाणी पण मुरत नाही. विटांचे तुकडे, जुन्या फरश्या मध्ये फट ठेवून, खडी, सगळं चालतं.

शेजारी म्हणणार रान माजलंय. त्यावर माझा उपाय, कडा नीट ठेवा. वाटेलगतची हातभर पट्टी कापलेली, कुंपण सरळ, आणि एक बसायला बाक. आत कितीही मोकळं वाढलं तरी लोकांना कळतं की हे मुद्दाम केलंय. कुंपणाला खाली वीतभर फट ठेवली तर बेडूक, मुंगूस असे जीव दोन बागांतून ये जा करतात, शेजाऱ्याला पटवलंत तर तुमची बाग फुकटात दुप्पट झाली.

फक्त बाल्कनी असेल तर

वरचं सगळं छोट्या मापात होतं. आधी वजन बघा, ओल्या मातीचा १० सेंटिमीटर थर एक चौरस मीटरवर दीडशे किलोच्या वर जातो, गच्चीवर वाफे करायच्या आधी इंजिनीअरला विचारा. चारपाच मोठ्या कुंड्या बारीक तीस कुंड्यांपेक्षा बऱ्या, लवकर सुकत नाहीत. एकात अळीला खायचं झाड, दोघांत वेगवेगळ्या महिन्यात फुलणारी फुलं, एकात गवत, एक पाण्याची थाळी. वरच्या मजल्यांवर फुलपाखरं कमी येतात पण माश्या येतात.

पुढची वर्षं

पहिल्या वर्षी काहीच दिसत नाही, रोपं मुळं करत असतात, पाणी द्यावं लागतं, तण काढावं लागतं. दुसऱ्या तिसऱ्या वर्षापासून पाणी हळूहळू तोडा. एखादं झाड मेलं तर त्याच जातीचं त्याच जागी परत लावू नका, जागा नको म्हणतेय, शेजारी जे जोमाने वाढतंय त्याचीच रोपं तिथे सरकवा. मोठी छाटणी पक्ष्यांच्या विणीच्या काळात करू नका.

नोंद ठेवा, वही असो नाहीतर आयनॅचरलिस्टसारखं ॲप, तिथे फोटो टाकला की ओळखायला जाणकार मदत करतात आणि तुमची नोंद अभ्यासकांच्या पण कामाला येते. दर महिन्याला एकाच जागी उभं राहून बागेचा एक फोटो, आणि फुललेल्या एका झुबक्यासमोर दहा मिनिटं बसून किती आणि कसले किडे येतात ते मोजायचं. अळी सापडली तर तिच्यासोबत ती खातेय त्या पानाचा आणि अख्ख्या झाडाचा पण फोटो काढा, कारण अळी कुठली हे ओळखायला झाड कुठलं हे आधी कळावं लागतं.